मिठाचा झरा कोणाचा?

एड्रियाटिक समुद्राच्या पूर्वेला, डोंगराळ मुलखातल्या एका दरीत खारट पाण्याचा झरा होता. वसंतात त्याचे पाणी काढून पाच दिवस ठेवले की मीठ धरत असे. अडचण एवढीच, की झरा दोन प्राचीन इलिरियन टोळ्यांच्या शिवेवर होता. समुद्राच्या बाजूला आर्दियाई, आतल्या डोंगरात औतारियाते. आळीपाळीने मीठ काढायचे, असे ठरले. ठरलेले मोडले की लढाई.

ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने ही हकिकत नोंदवली, हे त्याचे उपकारच. गुरांवर जगणाऱ्या डोंगरी माणसाला मिठावाचून चालत नाही, माणसांसाठी नाही आणि जनावरांसाठीही नाही. बाल्कनमध्ये आज इलिरियन वारशावरून जे दावे ठोकले जातात, त्यांत राजे आणि लढाया भरपूर असतात. हा झरा मात्र सहसा नसतो. खरे तर औतारियातेंचा इतिहास कळतो तो शेजाऱ्यांशी झालेल्या अशाच व्यवहारांतून. त्यांनी स्वतः लिहिलेली एक ओळही आपल्याकडे नाही.

शेजाऱ्यांची साक्षही कशी, तर परस्परविरोधी. स्ट्रॅबोच्या मते औतारियाते ही एके काळची सर्वांत मोठी आणि बलाढ्य इलिरियन टोळी. त्रिबल्लींसारख्या दांडग्या लोकांना तिने नमवले होते. आता इसवी सनपूर्व ३३५ मधला प्रसंग पाहा. औतारियाते वाटेत हल्ला करणार, अशी खबर मॅसेडोनियाचा राजा अलेक्झांडर याला मिळाली. हे लोक कोण, कसे, हेच त्याला ठाऊक नव्हते. आग्रियाने टोळीचा राजा लांगारस म्हणाला, त्यांची काळजी नको, या भागात त्यांच्याइतके लढाईत कच्चे कोणी नाही. त्यांचे मी पाहतो. त्याने खरोखरच त्यांच्या मुलखावर स्वारी करून लूटमार केली. बक्षीस म्हणून अलेक्झांडरने आपली सावत्र बहीण देऊ केली, पण लांगारस घरी परतल्यावर आजारी पडून वारला. हे सांगतो एरियन, म्हणजे घटनेनंतर साडेचारशेच्या आसपास वर्षांनी लिहिणारा लेखक. शेजाऱ्याला दुबळे ठरवण्यात लांगारसचा किती फायदा होता, हे वेगळे सांगायला नको.

पुढच्या पिढीत औतारियाते मॅसेडोनियाच्या उत्तरेकडील पेओनियाच्या राजाशी लढताना दिसतात. तेव्हा मॅसेडोनियाचा कॅसँडर पेओनियाच्या मदतीला धावला आणि त्याने बायकामुलांसह सुमारे २०,००० औतारियाते ऑर्बेलस पर्वताजवळ, म्हणजे आजच्या बल्गेरियाच्या नैर्ऋत्य सीमेकडे, नेऊन वसवले. उरलेल्यांवर पुढे स्कोर्डिस्की ही दुसरी टोळी भारी पडली. ग्रीक इतिहासकार अप्पियनने तर बेडकांच्या पावसाची आणि दैवी कोपाची गोष्ट जोडून दिली आहे. ती वाचायला झकास आहे, पण तिच्यावर इतिहास रचू नये.

जमिनीतला पुरावा जास्त भरवशाचा. सारायेव्होच्या पूर्वेला ग्लासिनाचच्या पठारावर हजाराहून अधिक दफनटेकाडे आहेत. काही अभ्यासक ती औतारियातेंशी जोडतात. तिथल्या सरदारांच्या थडग्यांत ग्रीक बनावटीची कांस्यभांडी आणि अंबरचे मणी निघाले. अंबर येई तो दूर उत्तरेकडून. डोंगरात कोंडलेली, कोणात न मिसळलेली टोळी असे जे चित्र काढले जाते, त्याच्याशी हे मणी काही जुळत नाहीत.

तरी वारसदारांची रीघ थांबत नाही. १८३०च्या दशकात झाग्रेबमध्ये ल्युदेवित गायच्या चळवळीने दक्षिण स्लाव लोकांच्या एकीसाठी ‘इलिरियन’ हे नाव घेतले. त्याआधी नेपोलियनने १८०९मध्ये आपल्या नव्या प्रांतांना तेच नाव दिले होते. अल्बानियातही इलिरियन पूर्वजांचा अभिमान शाळेपासून शिकवला गेला. अल्बानियन भाषेचे इलिरियनशी नाते काय, हा प्रश्न अभ्यासकांनी जरूर लढवावा. पण ऑर्बेलसच्या पायथ्याशी उतरवलेली ती वीस हजार माणसे तिथल्याच लोकांत विरघळली असणार. मग त्यांचे वंशज आज कोणत्या पासपोर्टावर फिरतात, हे कोणत्या पक्षाचा जाहीरनामा सांगणार?

आणि झऱ्यावरचे दुसरे भागीदार? इसवी सनपूर्व १३५मध्ये रोमन कॉन्सल फ्लॅकसने आर्दियाईंना हरवले. चाचेगिरीचा ठपका ठेवून रोमनांनी त्यांना किनाऱ्यावरून आत ढकलले आणि खडकाळ, नापीक जमिनीत शेती करायला लावले. त्यात ती टोळी जवळजवळ संपलीच, असे स्ट्रॅबो लिहितो.