वसुलीचा फोन

जानेवारी उजाडला की पतसंस्थांच्या शाखांमध्ये थकबाकीच्या याद्या निघतात आणि टेबलाटेबलावर फोन सुरू होतात. मार्चअखेर एनपीए खाली दिसला पाहिजे, ऑडिट वर्ग टिकला पाहिजे. या घाईत फोनवर काय काय बोलले जाते हे बऱ्याच संचालकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी विचारायचे नाही असा एक अलिखित शिष्टाचार आहे. त्रासदायक फोनचा विषय निघाला की आपण लोन ॲपवाल्यांकडे बोट दाखवतो. त्यांचे प्रकार किळसवाणे होतेच. कर्जदाराच्या मोबाइलमधली सगळी नावे उचलायची, नातेवाइकांना फोन लावायचे, फोटोत फेरफार करून पाठवायचे. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2022 मध्ये डिजिटल कर्जाचे नियम काढून अशा ॲपना संपर्कयादीत शिरायला मनाई केली. पण कर्जदाराच्या मेव्हण्याला फोन करून ‘तुमच्या पाहुण्यांना जरा समजवा, नाहीतर दारात येऊन बसू’ म्हणणारा आपला वसुली अधिकारी त्यांच्यापासून फार दूर आहे असे मला वाटत नाही.

त्याच वर्षी, 12 ऑगस्ट 2022 रोजी, रिझर्व्ह बँकेने वसुलीबाबत परिपत्रक काढले. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर थकबाकीसाठी फोन नाही. धमकी नाही, निनावी फोन नाही, सतत फोनचा मारा नाही, मोबाइलवर किंवा समाजमाध्यमांवर अनुचित संदेश नाहीत. कर्जदाराची चारचौघांत बदनामी नाही, आणि त्याच्या घरच्यांना, मित्रांना, ओळख देणाऱ्यांना उपद्रव नाही. नागरी आणि जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका त्याच्या कक्षेत होत्या. पतसंस्था नव्हत्या, आपण 1960 च्या सहकार कायद्याखालचे, आपला धनी निबंधक. म्हणून ‘ते परिपत्रक आम्हाला लागू नाही’ हे वाक्य आपल्या वर्तुळात सर्रास ऐकू येते. वाक्य खरे आहे आणि बिनकामाचे आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेली भारतीय न्याय संहिता तर सगळ्यांना लागू आहे. फौजदारी धाकदपटशा कलम 351 मध्ये आहे, आत्महत्येस प्रवृत्त करणे कलम 108 मध्ये, आणि तिथे ‘मी संस्थेच्या पैशासाठीच बोललो’ हा बचाव टिकायचा नाही.

वेळेबद्दलची तक्रार मला समजते. शेतकरी सकाळी रानात, दुकानदार रात्री नऊला गल्ला मोजायला बसतो, मग फोन करायचा कधी? त्याला उत्तर असे की कर्ज देतानाच कर्जदाराला सोयीची वेळ विचारून अर्जावर लिहून घ्यावी. कर्जदाराने स्वतःच संध्याकाळी साडेसातची वेळ दिली असेल तर प्रश्न मिटला. जामीनदाराचा मुद्दा वेगळा. तो कर्जाला कायद्याने बांधलेला आहे, त्याला फोन करणे हा आपला हक्क आहे. शेजारी, मुलाचे शिक्षक, भावकी यांनी कुठेही सही केलेली नाही. थकबाकीदारांची यादी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्या शाखाधिकाऱ्याला शाबासकी देणारे अध्यक्ष आजही आहेत. अशा वेळी वसुली होते, हेही मान्य. पण पुढच्या वर्षी त्याच गावातून ठेव मागायला आपल्यालाच जायचे असते.

आणि एवढे करून हाती काय लागते? सहकार कायद्याच्या कलम 101 च्या वसुली दाखल्यासाठी कर्जाची कागदपत्रे, खातेउतारा, पाठवलेल्या नोटिसा लागतात. किती फोन केले हे कोणी विचारत नाही. कर्जदाराने जपून ठेवलेले शिवीगाळीचे एक रेकॉर्डिंग मात्र सगळे ऐकतात.

या विषयाची दुसरी बाजू सभांमध्ये कधी येत नाही, म्हणून ती इथे जरा विस्ताराने मांडतो. बहुतेक शाखांत वसुलीचे फोन कर्मचाऱ्याच्या खासगी मोबाइलवरून होतात. आवाज मऊ लागतो म्हणून हे काम पुष्कळदा महिला लिपिकाकडे दिले जाते. तिचा नंबर दोनशे कर्जदारांकडे जातो. मग रात्री अकराला मिस्ड कॉल, ‘मॅडम जेवलात का’, पिऊन केलेले फोन, घाणेरडे फोटो. घरी नवऱ्याला उत्तर तिने द्यायचे, आणि शाखेत सांगितले तर ‘ब्लॉक करा ना’. संस्थेच्या कामासाठी दिलेल्या नंबरावर आलेला त्रास ही संस्थेची जबाबदारी आहे. पाठलाग आणि स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान यांसाठी न्याय संहितेत कलम 78 आणि 79 आहेत. तक्रार द्यायला व्यवस्थापकाने तिच्यासोबत पोलीस ठाण्यात जावे. मेसेज पुसू नयेत, स्क्रीनशॉट आणि कॉलची नोंद जपावी, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलेले असावे.

खासगी सिमचा आणखी एक तोटा आहे. बँकेच्या नावाने गंडा घालणारेही अनोळखी दहा आकडी नंबरावरूनच बोलतात, मग सभासदाने खरा कोण ते ओळखावे कसे? रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2025 मध्ये बँकांना सेवेच्या फोनसाठी 1600 ने आणि जाहिरातीच्या फोनसाठी 140 ने सुरू होणारे क्रमांक वापरायला सांगितले ते याच कारणाने. दिवाळी ठेव योजनेचे संदेश कर्मचाऱ्यांच्या सिमवरून शेकड्यांनी सोडणाऱ्यांनी तर सावध राहावेच. दूरसंचार नियामक ट्रायच्या फेब्रुवारी 2025 च्या दुरुस्तीनंतर नकोशा जाहिरातीची तक्रार 1909 वर सात दिवसांत करता येते, आणि नोंदणी नसलेल्या एका नंबराविरुद्ध दहा दिवसांत पाच तक्रारी झाल्या तरी कारवाई सुरू होऊ शकते.

येत्या मासिक सभेत संचालक मंडळाने एक ठराव करावा. वसुलीचा फोन फक्त संस्थेच्या नंबरावरून, सकाळी 8 ते संध्याकाळी 7 किंवा कर्जदाराने लिहून दिलेल्या वेळी, फक्त कर्जदार आणि जामीनदार यांनाच, आणि प्रत्येक फोनची नोंद वहीत. तो नंबर पासबुकावर छापा आणि शाखेच्या दारात लावा. ठरावाच्या प्रती आमच्याकडे पाठवा. फेब्रुवारीच्या अंकात त्या छापू.