यात्रेची गाडी आणि जनरेटर

दिवाळीची गर्दी ओसरली की कोल्हापुरातील व्यापारी घरांत यात्रेचे बेत सुरू होतात. कोणी कुंभोजच्या बाहुबली डोंगरावर एका दिवसात जाऊन येतो, कोणी श्रवणबेळगोळची पाचशे किलोमीटरांहून लांब वाट धरतो. चाळीस-पन्नास माणसांचा संघ निघाला म्हणजे त्यांच्यासोबत अर्धे स्वयंपाकघरच निघते. सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायचे, पाणी गाळून आणि उकळूनच घ्यायचे, बाहेरचे काही चालायचे नाही. त्यामुळे स्वयंपाकी, शिधा, भांडी आणि गाळणी यांना गाडीत पहिला मान असतो. या सामानात अलीकडे आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे पेट्रोलवर चालणारा लहान जनरेटर. मुक्कामी वीज नसेल तर पाण्याची मोटार, मिक्सर आणि रात्रीचे दिवे त्यावर चालतात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत वीज गेल्यावर या यंत्राची किंमत शहराला चांगलीच कळली. पुढे गोदामाच्या कोपऱ्यात पडून राहिलेले तेच यंत्र यात्रेच्या वेळी सहज गाडीत चढवले जाते.

मात्र ते चढवताना फार थोडी घरे विचार करतात. तांदळाच्या पोत्याशेजारी जागा दिसली की जनरेटर तेथे ठेवला जातो. टाकी भरलेली असते आणि शेजारी पेट्रोलचा प्लॅस्टिकचा कॅनही असतो. वास आला तर खिडकी उघडावी, एवढीच काय ती दक्षता.

मुळात पेट्रोल हा पदार्थ समजून घेतला पाहिजे. जळते ते त्याचे द्रवरूप नव्हे, तर त्याची वाफ, आणि ही वाफ शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेण्याइतकी तयार होते. कोल्हापूरच्या कोणत्याही ऋतूत उघडे पेट्रोल सतत वाफ सोडत असते. ही वाफ हवेच्या तीन ते चार पट जड असल्याने वर जात नाही. ती गाडीच्या तळाशी, आसनांखाली आणि सामानाच्या फटींत साठते. वरची खिडकी उघडून तिचा निचरा पुरेसा होत नाही. अशा वेळी गॅसची शेगडी, उदबत्ती किंवा विजेच्या बटणाची एक ठिणगीही पुरते. शिवाय उष्णतेने पेट्रोल फुगते. दहा लिटर पेट्रोल वीस अंशांनी तापले तर सुमारे २०० मिलिलिटरने वाढते. काठोकाठ भरलेली टाकी उन्हात उभ्या गाडीत गळू लागते, त्याचे कारण हेच.

दुसरा धोका वजनाचा आहे. दोन-तीन केव्हीएचा साधा जनरेटर सुमारे चाळीस ते साठ किलोंचा असतो. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अचानक थांबली, तर न बांधलेली वस्तू त्याच वेगाने पुढे जाते. हा वेग चौदा मीटर उंचीवरून, म्हणजे चार-पाच मजल्यांवरून पडलेल्या वस्तूच्या वेगाइतका असतो. पन्नास किलोंचे लोखंड त्या वेगाने पुढच्या आसनावर आदळले, तर काय होईल याचे वर्णन करण्याची गरज नाही.

तिसरा धोका यंत्र सुरू झाल्यावर निर्माण होतो. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन वायू असतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो, आणि श्वास सुरू असतानाही शरीर गुदमरते. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे ही त्याची पहिली लक्षणे. प्रवासात ती शीण, पित्त किंवा उपवासाचा त्रास समजली जातात आणि माणूस आडवा होतो. झोपलेल्याला मग जाग येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन कर्मचारी मृतावस्थेत आढळले. जनरेटरचा धूर आत शिरल्याने हे मृत्यू झाल्याचे तपासात पुढे आले. गाडी उभी होती, तिला आग लागली नव्हती, अपघातही झाला नव्हता.

चौथा धोका विजेचा. ३१ जुलै २०२२ च्या रात्री पश्चिम बंगालमधील कूचबिहार जिल्ह्यात जल्पेश मंदिराकडे निघालेल्या यात्रेकरूंच्या पिकअप गाडीत विजेचा धक्का बसून दहा जण मरण पावले. गाडीच्या मागील भागात बसवलेल्या जनरेटरच्या वायरिंगमधून वीज उतरल्याची प्राथमिक माहिती पोलिसांनी दिली होती. धातूचा सांगाडा, पावसाची ओल आणि चालू जनरेटर एकत्र आले की संपूर्ण गाडीच विजेची तार बनू शकते. म्हणून चालत्या गाडीत जनरेटर सुरू ठेवायचाच नाही, हा नियम कोणत्याही कारणाने मोडू नये.

प्रत्यक्ष नेण्याची रीत फार अवघड नाही. यंत्र बंद केल्यावर किमान तासभर निवू द्यावे, कारण सायलेन्सर बराच वेळ तापलेला राहतो. निघण्याच्या आदल्या दिवशी मोकळ्या हवेत टाकीतील पेट्रोल धातूच्या डब्यात काढून घ्यावे. मग यंत्र सुरू करून पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि ते आपोआप थांबेपर्यंत चालू द्यावे, म्हणजे कार्ब्युरेटरमधील उरलेले पेट्रोलही संपते. टाकीच्या झाकणावर हवेची खिटी असेल तर ती बंद करावी. सेल्फ स्टार्ट असेल तर बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. यंत्र नेहमी उभेच ठेवावे. आडवे केल्यास तेल सिलिंडरमध्ये उतरते आणि मुक्कामी पोचल्यावर यंत्र सुरूच होत नाही.

जागेचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. माणसे बसलेल्या भागात जनरेटर नसावा. शिधा-भांड्यांची वेगळी मालगाडी असेल तर तो तिच्यात जावा. एकच मिनीबस असेल तर प्रवाशांच्या भागापासून पूर्ण वेगळ्या, हवा खेळत्या राहणाऱ्या सामानकप्प्यात तो ठेवावा. टपावरच्या कॅरिअरवर ठेवल्यास गाडीचा तोल वर सरकतो आणि घाटाच्या वळणावर त्याचा परिणाम जाणवतो. मागील बंपरवर लटकवल्यास मागून बसणारा पहिला धक्का त्यालाच बसतो. यंत्राखाली रबरी चटई आणि जाड प्लायवूड घालावे. दोन रॅचेट पट्ट्यांनी ते चार कोपऱ्यांना, गाडीच्या सांगाड्याशी आवळावे. पट्टा यंत्राच्या लोखंडी चौकटीतून घ्यावा, हँडलमधून नव्हे. सुतळी किंवा नायलॉनची दोरी हादऱ्यांनी सैल होते. तासाभराने चहासाठी गाडी थांबेल तेव्हा पट्टे पुन्हा तपासावेत.

पेट्रोलविषयीचा सर्वांत शहाणा उपाय म्हणजे ते सोबत नेऊच नये. महामार्गावर पंपांची वाण नाही. मुक्कामाच्या गावी पोचल्यावर हवे तेवढे घ्यावे. कायद्याची मर्यादाही माहीत असावी. पेट्रोलियम अधिनियम, १९३४ नुसार विक्रीसाठी नसलेले पेट्रोल विनापरवाना जास्तीत जास्त ३० लिटर बाळगता येते, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात. धातूचे भांडे २५ लिटरपेक्षा आणि काचेचे किंवा चिनीमातीचे एक लिटरपेक्षा मोठे नसावे. प्लॅस्टिकच्या कॅनचा त्यात उल्लेखही नाही. डबा भरताना तो गाडीतून उतरवून जमिनीवर ठेवावा, म्हणजे स्थिर विजेची ठिणगी पडण्याचा संभव कमी होतो. रेल्वेने जाणाऱ्यांनी तर हा विचार मनातही आणू नये. मोटारसायकल पार्सलने पाठवतानाही रेल्वे तिची टाकी रिकामी करून घेते. ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराई येथे उभ्या असलेल्या यात्रेकरूंच्या खासगी डब्यात लपवून आणलेल्या गॅस सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जणांचे प्राण गेले.

मुक्कामी जनरेटर गाडीपासून, तंबूपासून आणि खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर ठेवावा. धूर माणसांच्या विरुद्ध दिशेला जाईल असे त्याचे तोंड असावे. पावसात त्यावर ताडपत्री गुंडाळू नये, चारही बाजूंनी मोकळे छप्पर करावे. चालकाला गाडीत झोपायचे असेल तर यंत्र आणखी दूर न्यावे किंवा बंद ठेवावे. तापलेल्या यंत्रात पेट्रोल ओतू नये. केबल सलग आणि पुरेशी जाड असावी, जोड उघडे नसावेत, यंत्राला अर्थिंग असावे. ड्राय पावडरचे अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतल्यास ती विझण्याऐवजी पसरते.

व्यापारी माणूस प्रत्येक खर्चाचा हिशेब मांडतो, तसा याचाही मांडावा. मुक्कामाच्या धर्मशाळेत किंवा भक्तनिवासात पर्यायी विजेची सोय आहे का, हे एका फोनवर कळते. नसेल तर त्या गावातील मंडपवाल्याकडे जनरेटर भाड्याने मिळतो, आणि तो चालवणारा माणूसही सोबत येतो. नुसते दिवे आणि मोबाइल चालवायचे असतील तर बॅटरीचा लहान संच पुरतो. त्याला पेट्रोल लागत नाही आणि धूरही होत नाही. एवढे करूनही जनरेटर न्यायचाच असेल, तर गाडीच्या परवान्यात आणि विम्यात अशा सामानाबाबत कोणती अट आहे, हे आधी लेखी विचारून घ्यावे. दावा नाकारला गेल्यावर अटी वाचण्यात अर्थ नसतो.

साधूंच्या पाच समितींत आदाननिक्षेपण समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना कोणत्याही जिवाला इजा होऊ नये, म्हणून बाळगायची ही सावधानता. गृहस्थाला ती पूर्णत्वाने पाळता येत नसली, तरी गाडीत सामान चढवताना तिचे स्मरण नक्कीच ठेवता येते. संघ निघण्यापूर्वी शिध्याची यादी एकाकडे, पैशांचा हिशेब दुसऱ्याकडे, अशी कामे वाटली जातात. त्यांत एक काम आणखी जोडावे. जनरेटर रिकामा आहे, उभा आहे, बांधलेला आहे आणि माणसांच्या भागात नाही, हे पाहण्याची जबाबदारी एका नेमक्या व्यक्तीकडे असावी, आणि तिने होकार दिल्याशिवाय गाडी हलू नये.