पृच्छनेचे स्थान



बारावीचा निकाल लागला की कर्जत-खोपोलीच्या बाजारपेठेतील अनेक घरांत एकच खल सुरू होतो. मुलाला अभियांत्रिकी महाविद्यालयात धाडावे, की दूरशिक्षणाने पदवी घेऊ द्यावी आणि दिवसा पेढीवर बसवावे? दुसरा मार्ग मोहक आहे, हे मान्य. पहाटेची लोकल नको, वसतिगृहाचा खर्च नको, शिवाय सूर्यास्तापूर्वी घरचे जेवण! मुलगाही समाधानी असतो. पण ते समाधान सोयीचे, की शिकण्याचे?

उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय आणि धर्मोपदेश. 2020 च्या टाळेबंदीत अभियांत्रिकीचे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर आले, तेव्हा वाचना घडली. ध्वनिमुद्रित व्याख्यान पुन्हा पुन्हा ऐकता आले, म्हणजे आम्नायही काही अंशी साधला. अडले ते पृच्छनेपाशी. लेथवर काम करताना हत्यार का थरथरते, वेल्डिंगचा सांधा का तडकतो, ही शंका हात कामात असतानाच सुचते आणि शेजारी उभ्या असलेल्या निदेशकालाच विचारता येते. 1915 पासून टाटांचे जलविद्युत केंद्र पाहणाऱ्या खोपोलीकरांना हे निराळे सांगावयास नको.

कायद्यानेही येथेच रेषा ओढली आहे. चार अभिमत विद्यापीठांनी आवश्यक मान्यता नसताना दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या. 3 नोव्हेंबर 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील 2005 नंतरच्या सत्रांत प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द ठरविल्या. त्या पदवीवर बढती मिळविलेली, संसारात स्थिरावलेली माणसे एका निकालाने पदवीहीन झाली. त्यांचा दोष एवढाच, की त्यांनी छापील माहितीपत्रकावर विश्वास ठेवला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या विनियमांनी अभियांत्रिकीला दूरशिक्षणाच्या कक्षेबाहेरच ठेवले.

याचा अर्थ दूरशिक्षण हलके, असा मुळीच नव्हे. मान्यताप्राप्त संस्थेतून एमबीए वा एमसीए घरबसल्या करता येते आणि ती पदवी नियमित पदवीच्या तोडीची मानली जाते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ तर 1989 पासून कामात गुंतलेल्यांसाठीच उभे आहे. पेढी सांभाळणाऱ्या मुलास हा मार्ग खरोखर शोभतो. मात्र यंत्राची ओढ असलेल्याला सोयीपोटी त्यावर ढकलू नये. माल उतरविण्यापूर्वी आपण बिल्टी तपासतो, तसेच शुल्क भरण्यापूर्वी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संस्था, अभ्यासक्रम आणि त्या वर्षीचे सत्र ही तिन्ही पाहून घ्यावीत. मान्यता सत्रागणिक बदलू शकते.