सगळ्या टेस्ट पास, तरीही...

मागे आमचं एक मॉड्यूल सगळ्या टेस्ट पास झालं आणि प्रॉडक्शनवर जाऊन चक्क चुकीचं व्याज काढू लागलं. मी सूत्रच चुकीचं धरलं होतं, आणि टेस्टही त्यावरूनच लिहिल्या होत्या! प्रीप्रिंट तपासणाऱ्या टूल्सबद्दल वाचताना तेच आठवलं.

प्रीप्रिंट म्हणजे तज्ज्ञांनी तपासण्याआधीच नेटवर टाकलेला शोधनिबंध. २०२० मध्ये कोविडवरचे असे हजारो निबंध आले. एवढे वाचायला माणसं आणणार कुठून? म्हणून टूल्स हवीतच. ग्रिम (२०१६) ही चाचणी तर शाळेतलं गणित आहे. २० जणांनी पूर्णांकात गुण दिले, तर सरासरी ३.४५ किंवा ३.५० येईल, ३.४७ शक्यच नाही. स्टॅटचेक छापलेल्या आकड्यांवरून पी-व्हॅल्यू पुन्हा काढतं. १९८५ ते २०१३ मध्ये छापून आलेल्या मानसशास्त्राच्या निबंधांवर ते चालवलं, तर जवळजवळ निम्म्यांत एखादा तरी आकडा जुळेना!

पण २०१६ मध्ये सुमारे ५०,००० निबंधांचे असे निकाल थेट चारचौघांत मांडले गेले, आणि बरेच संशोधक भडकले. माझं म्हणणं साधं आहे. कंपायलरची एरर आधी कोड लिहिणाऱ्याला दिसते, अख्ख्या ऑफिसला नाही. तसंच इथेही करा. निबंध अपलोड करतानाच लेखकाला चूक दाखवा, दुरुस्तीची संधी द्या.

आणि वाचणाऱ्यांनो, आकडे जुळले म्हणजे प्रयोग बरोबर, असं समजू नका. माझ्या व्याजाचे आकडेसुद्धा जुळतच होते की!