आधीं मोजावें, मग बदलावें

हल्लीं कित्येक घरांच्या पडवींत वडिलांची किंवा आजोबांची जुनी बुलेट धूळ खात उभी असलेली दिसते, आणि घरांतील एखादा हौशी तरुण ती पुन्हां चालती करण्याचें मनांत घेतो. ही हौस आम्हांस स्तुत्य वाटते. परंतु तिचा आरंभ बहुधा भलत्याच ठिकाणीं होतो. इंजिन खोलण्यापूर्वींच नवा पिस्टन, नव्या रिंगा, नवा कार्ब्युरेटर अशी यादी तयार होऊन ती दुकानदाराच्या हातीं पडते. आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, नुसते भाग बदलणें ही दुरुस्ती नव्हे. बिघाडाचें कारण शोधणें हीच खरी दुरुस्ती होय. घरीं काम करणाऱ्यास यासाठीं जितकी सवड असते तितकी गिऱ्हाइकांच्या घाईंत सांपडलेल्या मिस्त्रीस नसते.

उदाहरणार्थ, ३५० या नांवानें प्रसिद्ध असलेली जुनी बुलेटच घेऊं. १९५५ सालीं मद्रास, म्हणजे हल्लींचें चेन्नई, येथें या गाडीच्या उद्योगाची स्थापना झाली. तिच्या इंजिनाचा सिलिंडर बिडाचा, त्याचा व्यास ७० मि. मी. आणि पिस्टनाची धाव ९० मि. मी.; यावरून त्याचें आकारमान ३४६ घन सें. मी. येतें. वर्तुळाचें क्षेत्रफळ काढतां येणाऱ्या विद्यार्थ्यानें हा आंकडा स्वतः पडताळून पाहावा.

या इंजिनांत तेलाची टाकी निराळी नसून खालच्या पेटींतच तेलाचा एक स्वतंत्र कप्पा केलेला असतो. एक पंप तेथून तेल पुढें धाडतो व दुसरा तें परत आणून सोडतो. गाडी कांहीं आठवडे उभी राहिली म्हणजे पंपाच्या फटींतून तेल हळूहळू पाझरून क्रँकच्या कप्प्यांत सांचतें. मग किक मारतांच निळ्या धुराचा लोट उठतो, आणि भोंवतालची मंडळी तत्काळ निकाल देतात, “रिंगा गेल्या, बोअर करून टाका!” वास्तविक खालचा बूच काढून सांचलेलें तेल वाहूं द्यावें, इंजिन चांगलें तापेपर्यंत चालवावें, आणि मगच धुराकडे पाहावें. पुष्कळदां तो धूर तेवढ्यानेंच नाहींसा होतो.

तो राहिलाच, तरी केव्हां निघतो तें पाहावें. चढावर इंजिनास जोर पडत असतां धूर येत असेल, तर रिंगा व सिलिंडर यांचा संशय घ्यावा. उतारावर थ्रॉटल मिटून पुन्हां उघडतांना येत असेल, तर व्हॉल्व्हच्या गाइडा झिजल्या असण्याचा संभव अधिक. नंतर हेड उतरवून सिलिंडराचा व्यास वर, मध्यें व खालीं, आणि प्रत्येक ठिकाणीं आडवा व उभा असा दोनदां मोजावा. वरची रिंग जेथून माघारी वळते तेथें झीज सर्वांत अधिक असते. रिंग सिलिंडरांत सरळ बसवून तिच्या दोन टोंकांमधील फट फीलर गेजनें मोजावी. एवढ्या व्यासास ती नवीन असतांना सुमारें ०.३ मि. मी. असते. व्हॉल्व्ह बसवून त्याच्या मार्गांत थोडें रॉकेल ओतावें. तें पाझरूं लागलें तर पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासावा. या सर्व परीक्षांस खर्च अल्प लागतो, मात्र धीर पुष्कळ लागतो.

या धीरावर आम्ही एवढा भर कां देतों? बोअर करतांना कापलेला धातु परत येत नाहीं. मोठ्या मापाचे पिस्टन मोजक्याच पायऱ्यांनीं मिळतात; विनाकारण केलेलें प्रत्येक बोअरिंग यंत्राच्या आयुष्यांतील एक पायरी कायमची उडवितें. गंजानें जें वर्षानुवर्षें होत नाहीं, तें उतावळेपणा एका दुपारींत करतो.

घरच्या कामास मर्यादा आहेत हेंही विसरूं नये. बोअरिंग किंवा क्रँकची जुळणी लेथ व प्रेस यांवांचून होत नाहीं. तीं कामें निष्णात कारागिराकडेच न्यावीं. परंतु आपलीं मापें कागदावर मांडून न्यावीं, म्हणजे काय हवें व कां हवें हें सांगतां येईल. पेट्रोल उघडें असतां जवळ ज्योत नसावी, आणि ब्रेक तपासल्यावांचून गाडी रस्त्यावर काढूं नये.

कोणी म्हणेल, नवी गाडी धूर कमी करते व पेट्रोलही कमी पिते. मग हा खटाटोप कशास? आक्षेप खरा आहे. जुन्या यंत्राचा धूर शेजाऱ्यांच्या छातींत जातो, म्हणून रोजच्या रपेटीस तें जुंपावें असें आमचें म्हणणें नाहीं. शिवाय खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनंतर तपासणी करून नवी करावी लागते. २०२१ सालच्या नियमांनीं ५० वर्षांवरील गाड्यांस निराळी नोंदणी मिळूं शकते, पण त्यांचें मूळ स्वरूप राखलेलें असावें लागतें, व त्या नित्याच्या वापरासाठीं नसतात. म्हणजे येथेंही, दिसेल तें बदलणाऱ्यापेक्षां जुनें जपणाराच पुढें राहतो.

आणि मुख्य लाभ गाडीचा नव्हेच. प्रयोगशाळेंत आमचे विद्यार्थी मापें घेतात तीं उत्तर आधींच ठाऊक असलेल्या प्रश्नांचीं. पडवींतील इंजिनाचें उत्तर कोणत्याही पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें नसतें. तेथें चुकीचा तर्क लपवितां येत नाहीं. इंजिन सुरू होतें किंवा होत नाहीं. बाहेरून क्रोम चढवून आंतील झीज झांकणाऱ्यास हें शिक्षण कधींच लाभत नाहीं. यास्तव, विद्यार्थिमित्रहो, जुनी गाडी हातीं घ्याल तेव्हां पान्ह्याआधीं एक वही विकत घ्या. प्रत्येक माप तींत टिपा, प्रत्येक भाग कां बदलला याचें कारण लिहा. आणि जेथें कारण लिहितां येत नाहीं, तेथें जुना भाग तसाच राहूं द्या.