रिमोट कुणाच्या हाती?

आमच्या घरी दोन आज्या. मुलांच्या तोंडी माझी आई 'आजी' आणि सौ.ची आई 'अज्जी'. फरक एका जोडाक्षराचा; पण संध्याकाळी टीव्ही लागला की एकीला मराठी मालिका हवी असते, दुसरीला कन्नड. मुले दोघींच्या हातून रिमोट काढून घेतात आणि हिंदी लावून मोकळी होतात!

मागे असेच झाले. ऋषभ शेट्टीचा 'कांतारा' (2022) मुलांनी हिंदीत लावला. मूळ चित्रपट कन्नड, तोही किनारपट्टीच्या बोलीतला. पंजुर्ली दैवाची, भूतकोलाची, जंगलाकाठच्या जमिनीची ती गोष्ट. अज्जी दहा मिनिटे बसल्या आणि शेंगा फोडायला आत निघून गेल्या. हिंदी त्यांना जेमतेम कळते. घर कन्नड जाणणारे, चित्रपट कन्नड, आणि उठून जावे लागले ते अज्जींनाच! मला कसेसेच झाले.

'गोष्ट कळली म्हणजे झालं ना, बाबा?' धाकटा म्हणाला. प्रश्न रास्त आहे. आम्हीही लहानपणी शंकर नाग यांची 'मालगुडी डेज' हिंदीतच पाहिली. आगुंबेला चित्रित झालेली ती मालिका आम्हाला कधी परकी वाटली नाही. पण ती हिंदी प्रेक्षकांसाठीही बनवली होती. डबिंगचे तसे नाही. तिथे गोष्ट पोचते, बोलण्याची ढब मागेच राहते.

रिमेकबद्दल आमच्यात मतभेद आहेत. नागराज मंजुळे यांचा 'सैराट' (2016) कन्नडमध्ये 'मनसु मल्लिगे' (2017) म्हणून आला. नायिका तीच, रिंकू राजगुरू. तरी आर्चीची ऐट करमाळ्याकडच्या मराठीतच होती, असे माझे मत. सौ. म्हणते, 'माझ्या मावशीला मराठी येत नाही. तिला त्या कन्नड आर्चीनंच रडवलं.' तेही खोटे नाही.

पुढच्या रविवारी मी 'कांतारा' पुन्हा लावला, कन्नडमध्ये. अज्जी धारवाडच्या, ती बोली त्यांनाही अधूनमधून अडली. अडले की त्या हसायच्या आणि मुले खालच्या ओळी वाचून त्यांना सांगायची. तेवढ्यात आई येऊन बसली. 'काय म्हणतोय तो, विहीणबाई?' आणि अज्जी आपल्या धारवाडी मराठीत तिला समजावू लागल्या. रिमोट तासभर टीपॉयवर तसाच पडून होता.

नंतर पाळी 'श्वास'ची (2004). नातवाचे डोळे जाणार हे कळल्यावर शस्त्रक्रियेआधी त्याला जग दाखवणारे ते कोकणातले आजोबा! अज्जींनी मध्ये एकदाही अर्थ विचारला नाही. संपल्यावर म्हणाल्या, 'ते आजोबा कोण?' अरुण नलावडे, मी सांगितले. 'त्यांचं आणखी काही असेल तर लावा.'

वाचकहो, आपल्या मुलांना दोन भाषा घरबसल्या मिळाल्या आहेत. शिकवणी नको, फी नको. आठवड्यातून एक चित्रपट मूळ भाषेत, दोन्ही आज्यांना मध्ये बसवून पाहिला तरी पुष्कळ. भाषा टिकेल ती त्या 'काय म्हणतोय तो?'मधून.

येत्या रविवारी राम रेड्डी यांचा 'तिथि'. शंभरी पार केलेल्या म्हाताऱ्याच्या दिवसकार्याची, गावकऱ्यांनीच रंगवलेली मंड्याकडची मिस्कील गोष्ट. तिकडची कन्नड अज्जींना किती कळते ते बघायचे. आईने शेंगा आताच भाजून ठेवल्या आहेत!