कर्जाची वही

आमच्या जळकोटच्या जुन्या माळवदाच्या घरात एक लोखंडी पेटी होती. 2021 साली माळवद उतरवून स्लॅबचे घर बांधायला काढले, तेव्हा ती उघडली. आत आजोबांच्या कर्जाचा एक कागद निघाला. निजामाच्या राज्यातला, रक्कम हाली सिक्क्यात, मजकूर सगळा उर्दू, आणि खाली आजोबांचा अंगठा. ‘न वाचता अंगठा कसा हो दिला असेल यांनी?’ असे सौ. म्हणाली आणि आम्ही दोघेही मनसोक्त हसलो. त्याच आठवड्यात मी बँकेत जाऊन गृहकर्जाच्या कागदांवर तीसपस्तीस सह्या ठोकून आलो. मजकूर सगळा इंग्रजी. मी शाळामास्तर आहे. इंग्रजी मला येते. तरी एक पानही वाचले नाही!

कर्ज वीस लाखांचे, मुदत वीस वर्षे, व्याज शेकडा सात. महिन्याचा हप्ता पंधरा हजार पाचशे. व्याज ‘बदलते’ आहे हे कोणत्या तरी पानावर होतेच. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या दहा महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, चारवरून साडेसहावर नेला. आमचे सात टक्के साडेनऊ झाले. हप्ता मात्र होता तेवढाच राहिला, म्हणून आम्हांला पत्ता नाही. मार्चमध्ये सहज उतारा काढला, तर शिल्लक मुद्दल एकोणीस लाख पस्तीस हजार! त्याचे महिन्याचे व्याजच पंधरा हजार तीनशेच्या वर. म्हणजे हप्ता भरून मुद्दलातून दोनशे रुपयेही सुटत नव्हते. या चालीने मी निवृत्त झालो असतो, मुलगा निवृत्तीला आला असता, आणि तरी घर बँकेचेच राहिले असते.

त्या रविवारी सौ.ने मुलाची एक कोरी वही घेतली आणि माझ्यासमोर बसली. म्हणाली, ‘देणे आहे तेवढे सगळे सांगा. मीही सांगते.’

वाचकहो, परीक्षेला बसणाऱ्या मुलांची मला त्या दिवशी खरी कीव आली. घरकर्ज लिहून झाले. वाण्याची उधारी झाली. मग मी बराच वेळ पंख्याकडे पाहत राहिलो आणि शेवटी क्रेडिट कार्डाचे सांगितले. शेहेचाळीस हजार. टीव्ही, मोबाईल आणि थोडे नळाचे सामान. दरमहा ‘किमान देय’ म्हणून दोन हजार तीनशे भरत होतो आणि आपण वेळेवर भरतो याचा मला अभिमानही होता. सौ.ने हिशेब मांडला. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे सोळाशे दहा. त्यावर अठरा टक्के कर, दोनशे नव्वद. एकोणीसशे रुपये असे गेले, कर्जातून फिटले चारशे. ‘वर्षाचे बेचाळीस टक्के होतात,’ ती म्हणाली. ‘आजोबांचा सावकार बरा म्हणायचा!’

मग तिची पाळी. बचतगटाचे तीस हजार तिने उचललेले होते, मला न सांगता. खिडक्यांच्या गजांसाठी. मी रागावणार होतो. पण कशाच्या बळावर?

शेवटच्या ओळीवर मात्र ती अडखळली. ‘दादा – एक लाख.’

स्लॅबच्या वेळी सळई महागली आणि पैसे कमी पडले, तेव्हा उदगीरच्या मेहुण्याने एक लाख काढून दिले होते. ना व्याज, ना मुदत, ना चिठ्ठी. त्याने पुन्हा विषयही काढला नाही. पण त्यानंतरच्या दोन्ही भाऊबीजांना हिला ‘बरे नव्हते’. आदल्या दिवशीपर्यंत चकल्या तळणारी बाई भाऊबीजेला अंथरूण धरते, याचे कारण मला त्या दिवशी वहीत वाचायला मिळाले.

आता आधी काय फेडायचे, यावर आमचे कडाक्याचे भांडण झाले. मी गणिताचा मास्तर. ज्याचे व्याज जास्त ते आधी, ज्याला व्याजच नाही ते सर्वांत शेवटी. हे गणित बिनचूक आहे आणि आजही मी ते कोणालाही सांगेन. ती म्हणाली, ‘तुमच्या गणितात माझा भाऊ अठरा वर्षांनी येतो.’ दोन दिवस आम्ही मुलामार्फत बोलत होतो.

तिसऱ्या दिवशी तिने आपल्या पाटल्या काढून टेबलावर ठेवल्या. सोन्यावर बँक शेकडा दहाच्या आसपास कर्ज देते, हे ती गटातल्या बायकांकडून विचारून आली होती. कार्डाचे शेहेचाळीस हजार त्यातून एकदम भरायचे; महिन्याचे एकोणीसशे जातात तिथे चारशेही जाणार नाहीत. म्हणजे गणित माझेच, पाटल्या तिच्या! बदल्यात तिची एक अट : दादाला दरमहा पाच हजार, न चुकता.

देहूच्या आवलीची मला तेव्हा आठवण झाली. महिपतींनी सांगितलेली गोष्ट आहे. तुकोबांचे दिवाळे निघालेले, बाजारात पत उरलेली नाही. तेव्हा आवलीने स्वतःच्या नावाने खत लिहून देऊन दोनशे रुपये काढले. तुकोबांनी व्यापारात त्याचे अडीचशे केले आणि परतताना कर्जापायी छळल्या जाणाऱ्या एका ब्राह्मणाला सगळे देऊन टाकले. आपण तुकोबांना नमस्कार करतो आणि आवलीला कजाग म्हणतो. खत कोणाच्या नावावर होते, हे कोणी विचारात घेत नाही.

पुढचे सगळे रटाळ आहे, थोडक्यात सांगतो. भिशीचे वीस हजार हाती आले ते गटात गेले. कार्ड कात्रीने कापले. सर्वांत जड गेला तो आहेर. आमच्याकडे लग्न म्हटले की साडीचोळी, टॉवेल-टोपी आलीच. आम्ही पाकिटात एकशे एक घालू लागलो. एका चुलतीने पाकीट मांडवातच उघडून पाहिले. तो प्रसंग वहीत लिहिलेला नाही, पण पाठ आहे.

ऑगस्ट 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नियम केला, की व्याज बदलले तर हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारावे. मी बँकेत गेलो आणि हप्ता साडेअठरा हजार करून मागितला. ‘सर, लोक कमी करून मागतात,’ तिथला तरुण म्हणाला. पण या तीन हजारांनी मुदत साडेअठरा वर्षांवर आली. बदलत्या व्याजाच्या घरकर्जात मध्येच जादा रक्कम भरली तर बँकेला दंड घेता येत नाही, हा नियमही 2012 पासूनचा आहे. मला तो अकरा वर्षांनी कळला. आता महागाई भत्त्याची थकबाकी आली की ती परस्पर तिकडे जाते. पावती सौ. मागून घेते.

दादाचा विसावा हप्ता जानेवारी 2025 मध्ये गेला. मधल्या दोन भाऊबीजाही तशाच गेल्या होत्या. पैसे पाठवायची, पण उदगीरचे नाव काढायची नाही. 2025 च्या भाऊबीजेला तो स्वतःच सकाळी नऊला दारात हजर. ‘आता तरी बरे आहे ना गं तुला?’ एवढेच म्हणाला. हिने त्याला ओवाळले तेव्हा सोडवून आणलेल्या पाटल्या हातात होत्या. त्याने तबकात पाचशे एक टाकले.

तो गेल्यावर मी सवयीने वही काढली आणि जमेच्या बाजूला तारीख घातली. तिने माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली.

‘हे माझे आहेत,’ ती म्हणाली. ‘हे वहीत नाही लिहायचे.’